तापणारं खोकं

माझ्या धाकट्या भावाला सगळा रस्ता 'फ्यूजकाका' म्हणतो, आणि त्याला जबाबदार मी आहे. आठ वर्षांचा असताना रेडिओच्या पोटात काय चालतं ते बघायला त्याने मागून चमचा घातला. फाट्कन आवाज झाला आणि घरभर अंधार. आणि हा मधोमध फतकल मारून म्हणतो, "अक्का, कुठे बिघडलंय ते मला कळलं!" बिघडलेलं काहीच नव्हतं, ह्यानेच बिघडवलं होतं. मी तिथल्या तिथे त्याला फ्यूज म्हटलं. आज तो चौसष्ट वर्षांचा आहे, डोक्यावरचे केस एकेकाला नावाने हाक मारता येईल इतकेच उरलेत, पण ते नाव काही गेलं नाही.

त्याचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मागे त्याचं आणि भावजयीचं स्वयंपाकघर, जिना चढून वर मी. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर भाजून भाजून भोकं पडलेलं रबर, सोल्डरिंगचं हत्यार, मीटर, दोन भिंगं, आणि स्क्रूंनी भरलेल्या औषधाच्या रिकाम्या डब्या. टेबलाखाली गाडीची एक जुनी बॅटरी असते. गाडीतली वाजणारी यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, त्यामुळे ती लागतेच. तिला तो 'म्हातारी' म्हणतो. "म्हातारी आज लवकर बसली" असं तो आतून ओरडला की नवीन गिऱ्हाईक हळूच जिन्याकडे बघतं.

फ्यूजचं काम सावकाश असतं. दुरुस्त केलेलं यंत्र तो म्हातारीला थेट जोडत नाही, मध्ये हेडलाइटचा बल्ब लावतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी वीज आडवाटेने पळतेय. मग तासभर ते वाजवत ठेवायचं आणि शेवटी तळहात ठेवून बघायचं. मीटर आहे त्याच्याकडे, पण विश्वास तळहातावर. त्याच्या हिशेबी उष्णतेचे तीनच प्रकार : गार, कोमट, आणि 'घरी नेऊ नका'. कोमट म्हटल्याशिवाय त्याच्या दुकानातून काही बाहेर पडत नाही.

ह्या सगळ्यात त्याची एक सवय आहे, ती आधीच सांगून ठेवते. पेस्ट जेवणाआधी, स्क्रू जेवणानंतर. पेस्ट म्हणजे काय ते दोन ओळींत सांगते, कंटाळू नका. गाडीचा आवाज मोठा करणारा जो अ‍ॅम्प्ली असतो, त्यात बोटाच्या पेराएवढे काळे ट्रान्झिस्टर असतात आणि ते वाजताना तापतात. ती उष्णता बाहेर काढायला त्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पाटीवर दाबून बसवतात. पाटी दिसायला गुळगुळीत असते, पण भिंगाखाली बघितली तर नुसते डोंगर-दऱ्या. त्या दऱ्यांत हवा अडकते, आणि हवेतून उष्णता काही जात नाही. म्हणून मध्ये एक पांढरी, टूथपेस्टसारखी दिसणारी पेस्ट लावायची. जुन्या अ‍ॅम्प्लीत अभ्रकाच्या पातळ चकत्याही असतात, त्यांनाही दोन्ही बाजूंनी. झालं. ही पेस्ट नसेल तर बाकी सगळं काम बिनचूक असूनही खोकं तापत राहणार आणि शेवटी जळणार.

तर फ्यूज दुपारी एकच्या आत पाटीला पेस्ट लावतो, वर अभ्रकाच्या चकत्या मांडतो, जेवतो, दहा मिनिटं डोळे मिटून पडतो, आणि मग येऊन वरून बोर्ड बसवून स्क्रू आवळतो. का? "भरल्या पोटी हात थरथरत नाही, अक्का." ठीक आहे बाबा.

ही यंत्रं दुरुस्त करणारी माणसं पुष्कळ आहेत. फ्यूजची ख्याती वेगळी होती. त्याच्याकडून गेलेली वस्तू परत येत नसे. तो फुशारकी मारत नाही, पण एखादं गिऱ्हाईक सहज म्हणालं, "काका, परत बिघडलं तर?" तर ह्याचे कान लाल व्हायचे.

दोन महिन्यांपूर्वी दातांची डॉक्टरीण आली. पलीकडच्या चौकात तिचा दवाखाना. बारीक चणीची, हळू आवाजाची बाई. रुग्णाला "आ करा" म्हणते तेही कानात सांगितल्यासारखं. तिने पिशवीतून दोन विटांएवढं काळं खोकं काढून टेबलावर आपटलं. अ‍ॅम्प्ली. त्या उन्हाळ्यात आलेला तेवढा एकच, बाकी सगळे रेडिओ.

"काका, हे मेलं."

"तुमच्या गाडीतलं?" फ्यूजला खरं वाटेना.

"दिवसभर कानात ते ड्रिल घर्रघर्र करत असतं. संध्याकाळी घरी जाताना एवढं मोठ्याने गाणं लावते की दुसरं काही ऐकूच येऊ नये. ह्याच्याशिवाय मी वेडी होईन."

फ्यूजला ती तत्काळ आवडली. दोन ट्रान्झिस्टर जळाले होते. ते त्याने बदलले, बल्ब लावून बघितलं, तासभर वाजवलं, हात ठेवला. "कोमट," म्हणाला. जरा जास्त कोमट होतं खरं, पण उन्हाळा होता.

चार दिवसांनी ती परत आली. "काका, माझ्या सीटखाली अंडं तळता येईल."

फ्यूजचे कान लाल. पण चेहरा शांत. सीटखाली गालिचा, हवा खेळत नसणार. त्याने खोक्याखाली रबराचे चार पाय लावले, एक छोटा पंखा बसवला, आणि काही वाजत नसताना आतून जो थोडा प्रवाह चालू असतो तोही स्क्रू फिरवून कमी केला. बोर्ड मात्र उचलला नाही. आठवड्याने ती पुन्हा दारात. आता आवाज मध्येच बंद पडत होता.

तेव्हा त्याने बोर्ड सोडवला. मी तेव्हा खालीच होते, वर्तमानपत्र न्यायला आले होते. तो पाटीकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"पेस्टच नाही."

"विसरलास."

"विसरलो असेन." हसला. "म्हातारा झालो, अक्का."

त्याने पेस्ट लावली, जेवून आला, स्क्रू आवळले. डॉक्टरणीची माफी मागितली. खोकं गेलं.

आणि पंधरा दिवसांनी परत आलं.

आता मध्ये आमच्या वडिलांबद्दल, अण्णांबद्दल, सांगायलाच हवं. ते शिंपी होते, आणि हात असा की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मापाला येत नसे. चौसष्टाव्या वर्षी त्यांनी एका माणसाच्या कोटाला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या. माणूस परत आला तर म्हणाले, "मी स्वतः तपासून दिलाय, हा माझा कोटच नव्हे." खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवत होतं. न केलेलं काम त्यांना केल्यासारखं लख्ख आठवायचं. पुढच्या सहा वर्षांत त्यांना आम्ही दोघंही आठवेनासे झालो. फ्यूजने त्यांना शेवटपर्यंत अंघोळ घातली, जेवू घातलं, आणि दररोज सकाळी स्वतःची ओळख करून दिली.

त्या दिवशी तो जिना चढून वर आला. तो कधी वर येत नाही, खालूनच ओरडतो. खुर्चीत बसला आणि हात मांड्यांखाली घेतले, लहानपणी मार बसणार असला की बसायचा तसे.

"अक्का, अण्णांचं सुरू झालं मला."

"काहीतरी बोलू नकोस."

"आत्ता उघडलं खोकं. पेस्ट नाही."

"मग परत विसरलास."

"नाही ना!" तो जवळजवळ ओरडला. "पहिल्यांदा विसरलो असेन, मान्य. पण ह्या वेळी मी लावली. मला आठवतंय. डावीकडून सुरुवात केली, ट्यूब संपत आली होती म्हणून तळापासून गुंडाळली. चकत्या मांडल्या. मला सगळं दिसतंय डोळ्यांसमोर. आणि ते झालेलंच नाही."

मला काही सुचेना. माझ्या बाबतीत असं वर्षातून एखाददाच होतं.

"बायकोला सांगितलंस?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. ती आत्ता कुठे घरी बसलीय."

भावजय इस्पितळात नोकरीला होती. तीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं स्वच्छ करायच्या खोलीत. घासायची, उकळायची, पुसायची, मोजून ट्रेमध्ये ठेवायची. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाली. घरात सगळ्यांना वाटलं, आता जरा निवांत बसेल. ती बसली नाही. माझ्या खिडक्यांच्या काचा तिने अशा पुसल्या की एक कबुतर येऊन आपटलं.

पुढचे तीन दिवस फ्यूजने स्वतःवर पहारा ठेवला. खिशात चिठ्ठ्या. 'म्हातारीची वायर काढली.' 'गॅस बंद बघितला.' 'अक्काला दूध दिलं.' प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण आणि वेळ. तिसऱ्या दिवशी मी खाली गेले तर त्याने पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहिलं होतं : 'दुकान कायमचे बंद आहे.' अक्षर सुरेख आलं होतं, तेवढ्यापुरता खूषही दिसत होता. डॉक्टरणीचं खोकं तेवढं दुसऱ्या कारागिराकडे पाठवायचं, शनिवारी पुठ्ठा लावायचा.

"शनिवार लांब आहे," मी म्हटलं. "आज काय हरकत आहे? तू पेस्ट लाव. मी बघते. तू लावलीस की नाही लावलीस, साक्षीदार मी. मग काय ते एकदाच कळेल."

"आणि नाही लावली निघालं तर?"

"तर डॉक्टरकडे जाऊ. दातांच्या नव्हे. पुठ्ठे रंगवत बसण्यापेक्षा ते बरं."

तो तयार झाला. मी स्टुलावर बसले. त्याने पाटी स्पिरिटने पुसली. ट्यूब दाबली. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या जागी वाटाण्याएवढी पेस्ट, मग बोटाने पसरून पापुद्र्याइतकी पातळ. चकतीच्या दोन्ही बाजूंना. आठ जागा, आठ चकत्या. मी मोठ्याने मोजल्या.

"लावली?" त्याने विचारलं.

"लावली."

"तू बघितलीस?"

"आंधळी नाही मी. लावलीस. लिहून देऊ?"

एक वाजला. आतून भावजयीची हाक आली, "अहो, एक वाजला." ती एकला एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. तो जेवायला गेला. मी वर येऊन दोन घास खाल्ले, पण चित्त खालीच. अर्ध्या तासात पुन्हा जिना उतरले. फ्यूज आतल्या खोलीत डोळे मिटून पडला होता, पोटावर चिठ्ठी : 'पेस्ट लावली. साक्षीदार अक्का. १२.५०.'

पुढच्या खोलीत टेबलापाशी भावजय उभी. एका हातात स्पिरिटची बाटली, दुसऱ्या हातात पांढरं फडकं, आणि ती अ‍ॅल्युमिनियमची पाटी अशी पुसत होती जशी आता तिच्यावर कोणाचं अपेंडिक्स काढायचं आहे.

मी दारातच थांबले.

"काय करतेस?"

"काही नाही अक्का, जरा पुसून घेते. बघा ना, कसलं हे पांढरं फासून ठेवलंय. चुन्यासारखं. धातूवर असं कोणी राहू देतं का?"

"आजच पुसतेस?"

"दरवेळी पुसते! मी घरी बसल्यापासून हे टेबल रोज माझ्याकडेच आहे. हे पडलेले असतात ना दहा मिनिटं, तेवढ्यात उरकते. त्यांना कळतही नाही." तिने एक चकती फडक्यात धरून दोन्ही बाजूंनी पुसली, उजेडाकडे धरून बघितली आणि पाटीवर नेमक्या जागी ठेवली. मग दुसरी. "आणि जागच्या जागी ठेवते हं सगळं. तीस वर्षांत माझ्या ट्रेमधला एक चिमटा इकडचा तिकडे झाला नाही."

तिथेच तर घोळ होता. एखादी चकती जरी तिने वाकडी ठेवली असती तरी फ्यूजला संशय आला असता. पण तिने पेस्टचा कण न् कण काढून सगळं असं मांडलं होतं की जेवून सुस्तावलेला, चष्मा कपाळावर असलेला माणूस सरळ बोर्ड ठेवून स्क्रू आवळणार. अभ्रक काचेसारखं. त्याखाली काही आहे की नाही, कोण वाकून बघतो?

मी स्टुलावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते थांबेना.

"अक्का! बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?"

"त्याला उठव," मी म्हटलं. "आणि ते फडकं टाकू नकोस. पुरावा आहे तो."

फ्यूज डोळे चोळत आला. मी फडकं त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं, पांढऱ्या डागांवर बोट फिरवलं, वास घेतला. पाटीकडे बघितलं. बायकोकडे बघितलं. आम्ही दोघी त्याच्याकडे.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज," मी सांगितलं.

"म्हणजे मी लावली होती."

"लावली होतीस."

"दोन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. आजची मी मोजली."

त्याने भावजयीचे दोन्ही खांदे धरले. "अगं, पूस! आणखी काय पुसायचंय ते पूस! टेबल पूस, म्हातारीला पूस, अक्काला पूस!"

"अहो, काय झालंय तुम्हाला?" ती घाबरून मागे सरकली, आणि तेवढ्यात तिला कोपऱ्यातला पुठ्ठा दिसला. तो उलटा ठेवला होता, पण हिच्यापुढे काही उलटं राहत नाही. तिने तो सुलटा केला. वाचला. मग फ्यूजच्या खिशातून डोकावणाऱ्या चिठ्ठ्या काढल्या आणि एकेक वाचल्या. शेवटी मीच सगळं सांगितलं, कारण तो सांगत बसला असता तर संध्याकाळ झाली असती.

पेस्ट पुसल्याबद्दल तिला वाईट वाटलंच. "कोणी सांगायचं तरी की ती हवी असते," एवढं म्हणून तिने तो विषय मिटवला. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

"अण्णांसारखं होतंय असं वाटलं, आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू घाबरली असतीस."

"मी?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तीस वर्षं मी ती हत्यारं पुसली. कोणाच्या पोटात काय सापडलं ते रोज ऐकलं. मी घाबरले असते? आणि अण्णांचं अंथरूण कोण बदलत होतं, तुम्ही एकटे?"

फ्यूज फडक्याची घडी घालत बसला. आणि तिला न सांगणाऱ्यांत मीही होते. दोन दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला. "अक्का, त्यांना सांगा एक वाजला." "अक्का, तिला सांग ऐकू आलं." समोरासमोर बसून. मी मधल्यामधे टेलिफोनची तार झाले. तिसऱ्या दिवशी मी दोघांना सुनावलं की माझं वय ह्या कामाचं नाही, बोलायचं तर थेट बोला, नाहीतर मी वर जाऊन दार लावून घेते.

भावजय उठली, हात धुऊन पुढच्या खोलीत गेली आणि स्टुलावर बसली. "दाखवा," ती फ्यूजला म्हणाली. "ती कशी लावतात ते दाखवा. किती जाड, कुठपर्यंत. मला कळल्याशिवाय मी ह्या टेबलाला हात लावणार नाही, आणि कळल्यावर तुम्हाला लावू देणार नाही."

त्याने दाखवलं. तिने एकदा बघितलं. मग तो पुठ्ठा घेतला, कात्रीने त्याच्या बोटभर रुंदीच्या सरळ पट्ट्या कापल्या, एकीच्या कडेने पेस्ट ओढली. आठही जागांवर एकसारखी, कडेला कुठे ओघळ नाही. फ्यूज भिंग लावून बघत राहिला.

"माझ्यापेक्षा चांगली आलीय," तो म्हणाला.

"दिसतंय," ती म्हणाली. एवढं बोलणं झालं म्हणजे अबोला सुटला असं मी धरून चालले.

स्क्रू त्याने आवळले. जेवणाआधीच. भावजयीने त्याला जेवायला उठूच दिलं नाही. एक वाजून गेला, सव्वा वाजला, पण समोर बसून राहिली. बल्ब लावला : क्षणभर पेटून मंद झाला. बल्ब काढला. म्हातारीवर तासभर वाजवलं. मग त्याने तळहात ठेवला. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो जरा जास्तच वेळ हात ठेवून बसला, हे मुद्दाम.

"अहो!"

"कोमट," तो म्हणाला.

संध्याकाळी डॉक्टरीण आली. फ्यूजने झालेलं सगळं तिला खरं खरं सांगितलं, एक अक्षर न लपवता. तिने ऐकून घेतलं आणि भावजयीकडे वळून तिच्या त्या कानात सांगितल्यासारख्या आवाजात विचारलं, "माझ्या दवाखान्यात दुपारी तीन तास याल का? माझ्याकडे हत्यारं कोणी धड पुसत नाही."

"बघू," भावजय म्हणाली. ती जाणार, हे तिच्या मानेवरून कळत होतं.

खोकं गाडीत बसलं. फ्यूज सीटखाली हात घालून अर्धा गाडीत, अर्धा रस्त्यावर. डॉक्टरणीने किल्ली फिरवली, बटण पिरगाळलं, आणि असा आवाज निघाला की माझ्या खिडकीची, भावजयीने पुसलेली, काच थरथरली. फ्यूज आतून ओरडत होता, "कोमट! कोमट!" आणि मी वरून ओरडत होते, "अरे, आवाज कमी करा, मेल्यांनो!" कोणालाही काही ऐकू येत नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा कपाळावर चष्मा नव्हता. खिसे चाचपले, टेबल बघितलं, मग माझ्या खिडकीकडे मान वर केली. चेहरा नुसता फुललेला.

"अक्का! चष्मा कुठेतरी विसरलो बघ! साफ विसरलो! काही म्हणजे काही आठवत नाहीये!"

चष्मा डॉक्टरणीच्या सीटखाली निघाला. दुसऱ्या दिवशी तिने आणून दिला. गार होता.